डब्यातले सहा ग्रॅम : एका कबड्डीपटूच्या व्यायामानंतरच्या पेयाचं प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मायलेक माझ्या रत्नागिरीच्या आहारसल्ल्याच्या दवाखान्यात आले तेव्हा आईच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत तीन किलोचा काळा डबा. शिमग्याला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने तो आणून दिला होता. आईने डबा टेबलावर ठेवला. "मॅडम, ह्याने किडनी जाते म्हणतात. तुम्हीच सांगा ह्याला, माझं ऐकत नाय."

मुलगा २३ वर्षांचा, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६२ किलो. गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळतो. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगायची तर, "पकड बसते मॅडम, घोटा हातातून सुटत नाय. पण समोरचा ऐंशी किलोचा असला की मीच त्याच्यासोबत मध्यरेषेपर्यंत जातो." दिवाळीनंतर स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. तोवर पाच किलो अंग भरायचं होतं. जिममध्ये वर्षभर जात होता, वजन जागचं हललं नव्हतं. सरावानंतर अंग उतरत नाही, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात, असंही त्याने सांगितलं. जिममधल्या सरांचं निदान एका वाक्यात होतं: तुझी रिकव्हरी होत नाही, डबा चालू कर.

मायलेकांना माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, हा डबा घ्यायचा की दुसरा कुठला. पुढचे पाच महिने आम्ही त्या प्रश्नाभोवती फिरलो. बरंचसं काम डब्याच्या बाहेर झालं, आणि मधे एक चूक माझ्याकडूनही झाली, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे.

डबा

डबा गेनरचा, म्हणजे वजन वाढवण्यासाठीच्या पुडीचा होता. पुढच्या बाजूला फुगलेला दंड, मागे बारीक अक्षरं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून मी नेहमी यादीतला पहिला शब्द आधी वाचायला लावते. पहिला शब्द होता माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे स्टार्च तोडून केलेली, चवीला कमी गोड पण रक्तात ग्लुकोजइतक्याच वेगाने जाणारी पूड. दर १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ७४ ग्रॅम, प्रथिनं १८ ग्रॅम. मात्रा लिहिली होती तीन स्कूप, म्हणजे १०० ग्रॅम.

"तू किती घेतोस?"

"एक स्कूप. डबा पुरायला नको?"

कोकणात काय, कुठेही काय, मध्यमवर्गीय घरात आलेला महागडा डबा असाच वापरला जातो. औषध महाग असलं की अर्धी गोळी, तसं. एक स्कूप म्हणजे ३३ ग्रॅम पूड आणि त्यात प्रथिनं सहा ग्रॅम. एका अंड्यात असतात तेवढी. मी ड्रॉवरमधून कागद काढला, दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि कागद त्याच्याकडे सरकवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. आई मात्र लगेच म्हणाली, "म्हणजे एवढ्या पैशांत पिठीसाखर प्यायला काय तू?"

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण गेनर म्हणजे फसवणूक असंही नाही. ज्याला खाणंच जात नाही अशा माणसाला कॅलरी वाढवायला तो उपयोगी पडतो. या मुलाला भात कमी पडत नव्हता.

किडनीचंही तिथेच बोलून घेतलं. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाने व्यायामासोबत दिवसाला वजनाच्या किलोमागे दीड-दोन ग्रॅम प्रथिनं घेतली तर मूत्रपिंड बिघडतं असा पुरावा नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर गोष्ट वेगळी आणि तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. याच्या घरात तसं कुणाला नव्हतं. तरी आईच्या समाधानासाठी क्रिएटिनिन ही मूत्रपिंडासाठीची रक्तचाचणी आणि लघवीची साधी तपासणी करून घेतली. दोन्ही व्यवस्थित आल्या.

मी खरी सावध होते ती दुसऱ्या कारणाने. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा होता, काहींत तर छापल्याच्या निम्माच ऐवज. हे कसं जमतं तेही सांगायला हवं. प्रयोगशाळेत प्रथिनं मोजण्याची रूढ पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. मग उत्पादकाने स्वस्तातलं ग्लायसीन किंवा टॉरीन मिसळलं की नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो आणि स्नायूला मिळत काहीच नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठीच्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं सरळ लिहिलं. मला ती सूचना थोडी सरधोपट वाटते, कारण चांगलं व्हे हे शेवटी दुधातलंच प्रथिन आहे. पण खेळाडूच्या बाबतीत मी तिच्याच बाजूने झुकते. डब्यात चुकून मिसळलेला प्रतिबंधित पदार्थ चाचणीत सापडला तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

तीन दिवसांची वही

मी त्याला तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगितलं. त्याने शंभर पानी वहीत, वेळेसकट, प्रामाणिकपणे लिहून आणलं. त्या वहीत खाण्याइतकीच झोपही दिसत होती.

पहाटे साडेतीनला उठतो. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या गाड्या भरायचं काम, चार ते नऊ. बर्फाचे तुकडे आणि क्रेट उचलायचे. उपाशीपोटी, फक्त टपरीवरचा चहा. साडेनऊला वडापाव, परत चहा. दीडला जेवण, भाताचा डोंगर, माशाची आमटी, एक बांगडा. दुपारी जेमतेम तासभर डोळा लागतो. साडेपाचला मैदान किंवा एक दिवसाआड जिम. साडेसातला तो स्कूप, पाण्यात. साडेनऊला पुन्हा भात, कुळथाची पिठी किंवा आमटी, माशाचा तुकडा. मोबाईल बघत साडेअकराला झोप.

म्हणजे रात्रीची झोप चार तास. मी वहीतल्या त्या दोन वेळांभोवती लाल पेनाने गोल केला.

प्रथिनांचा हिशोब असा निघाला. दिवसभराचे तीनशे ग्रॅम तांदूळ, त्यातून २३ ग्रॅम. मासा मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम, त्यातून २२. डाळ किंवा कुळीथ, ९. चहातलं दूध, पाव वगैरे मिळून ७. बेरीज ६१. बैठं काम करणाऱ्या, वजन न वाढवणाऱ्या माणसाला हे भरपूर झालं. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, ती ६२ किलोला ५१ ग्रॅम होते. पण वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर बहुतेक अभ्यास किलोमागे १.६ ग्रॅमपाशी येऊन थांबतात. त्यापुढे प्रथिनं वाढवूनही स्नायूंची वाढ फारशी पुढे सरकत नाही. म्हणजे त्याला लागणार होती शंभर ग्रॅम, आणि तूट होती चाळीस ग्रॅमची. सहा ग्रॅमच्या स्कूपने ती तूट भरणार नव्हती.

तूट कुठे आहे तेही वहीत दिसत होतं. रात्री साडेनऊपासून दुसऱ्या दिवशी दुपारी दीडपर्यंत, सोळा तास, पोटात नाव घेण्यासारखं प्रथिन जात नव्हतं. त्यातले पाच तास तो बर्फ उचलत होता. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर मेहनत वाया, हे जिममधलं पाठांतर त्याने घोकून ठेवलं होतं. २०१३ मध्ये या 'खिडकी'वरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. दिवसभराची एकूण प्रथिनं जमेस धरल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ उरतच नाही, असं त्यात दिसलं. व्यायामाने जागा झालेला स्नायू पुढे दिवसभर प्रथिन उचलायला तयार असतो. साडेसातचा शेकर पाऊण तास उशिरा झाला म्हणून काही बिघडणार नव्हतं, सकाळचे सोळा तास मात्र रोज बिघडत होते.

म्हणून पहिला बदल पेयाचा नव्हताच. वडापावच्या जागी घरून नेलेली तीन उकडलेली अंडी आणि दोन घावणे. अठरा ग्रॅम तिथेच आले, एकवीस-बावीस रुपयांत. उरले वीस-बावीस ग्रॅम. तेवढ्यासाठी संध्याकाळचं पेय हवं होतं. एका वेळी किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे याला १८-२० ग्रॅम, हे प्रमाणही बरोबर बसत होतं.

घाम

पोटऱ्यांतल्या गोळ्यांचा मला वेगळाच संशय होता, म्हणून एका संध्याकाळी मी वजनकाटा घेऊन मैदानावर गेले. एप्रिलमधली रत्नागिरी ज्याने अनुभवली आहे त्याला सांगायला नको. पारा नागपूरसारखा चढत नाही, पण हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. न वाळणारा घाम शरीराला थंड करत नाही, फक्त रिकामं करतो.

सरावाआधी अंग पुसून, नुसत्या चड्डीवर, ६२.४ किलो. दीड तासाने पुन्हा पुसून ६१.१. मधे अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे घाम गेला १.८ लिटर, आणि अर्धा लिटर पिऊनही शरीर दोन टक्क्यांहून जास्त सुकलं. वाळत घातलेल्या त्याच्या काळ्या जर्सीवर पाठीमागे पांढरे नकाशे उमटले होते. मी बोट लावून चाटून बघितलं (मुलं हसली), खारट. काही जणांचा घाम इतरांपेक्षा जास्त खारट असतो, हा त्यातला.

सरावानंतर तो काय प्यायचा, तर शहाळं. कोकणातल्या मुलाला दुसरं काय सुचणार? शहाळं चांगलंच आहे, पण त्याच्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, लिटरमागे साधारण अर्धा ते दोन ग्रॅम. म्हणजे गेलं एक आणि भरलं दुसरंच. प्रथिनाच्या बाबतीत तर शहाळं कोरडंच. कोकम सरबताचंही तसंच. मीठ घातलं तर तहान आणि खार दोन्ही भागतात, पण बाटलीतल्या आगळाच्या जागी गोड सिरप असलं की ती साखरच. सोलकढी जेवणात हवीच, पण व्यायामानंतरचं पेय म्हणून नको. नारळाच्या रसातली चरबी पोटात रेंगाळते आणि प्रथिन नावापुरतं असतं.

यावर उपाय आईनेच सांगितला, तिच्या नकळत. मी विचारलं, घरात आजारी माणसाला काय देता? "पेज. दुसरं काय?" उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. स्टार्च, पाणी आणि मीठ. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग ओढलं जातं. जुलाबावरच्या मीठ-साखर-पाण्याचं सगळं शास्त्र याच जोडीवर उभं आहे, आणि आपल्याकडे ती जोडी पातेल्यात रोज शिजते. सराव संपल्यावर लगेच अर्धा लिटर पातळ पेज, पाव चमचा मीठ घालून. मग झोपेपर्यंत थोडंथोडं करत दीड लिटर पाणी. गमावलेल्या प्रत्येक किलोला साधारण दीड लिटर हा हिशोब, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच.

दहा दिवसांत गोळे जवळजवळ थांबले. ते फक्त मिठाने थांबले असं मी म्हणणार नाही. गोळ्यांमागे थकलेला स्नायूही असतो, आणि त्याच सुमारास मी त्याला रात्री साडेनऊला मोबाईल आईकडे द्यायला लावला होता. मांड्यांचं दुखणं मात्र तसंच राहिलं. नव्या वजनाने बैठका मारल्यावर एक ते तीन दिवस दुखणारच, कुठल्याही डब्याने वा काढ्याने ते पुसलं जात नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

माझी चूक

आता प्रथिनाचं पेय. माझ्या मनात उत्तर तयारच होतं, दूध. त्याला कारणही होतं. दुधात दोन्ही प्रथिनं आहेत, भरभर पचणारं व्हे वीस टक्के आणि सावकाश पचणारं केसीन ऐंशी टक्के. कॅनडात २००७ मध्ये ५६ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता. व्यायामानंतर साय काढलेलं दूध पिणाऱ्यांचे स्नायू, तेवढ्याच ऊर्जेचं सोया पेय किंवा साखरपाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले होते. मी लिहून दिलं, ४०० मिली म्हशीचं दूध, दोन केळी, मूठभर फुटाण्याचं पीठ. कागदावर वीस ग्रॅम बरोबर जुळले.

तीन आठवड्यांनी आला. वजन ६२.२. "घेतोयस ना?" "हो मॅडम." आई गप्प होती, आणि या बाईचं गप्प बसणं मला नवीन होतं. मी तिच्याकडे बघितलं. "चार दिस घेतलंन," ती म्हणाली. "मग पोट फुगायला लागलं. पहाटे बंदरावर जायच्या टायमाला तीन-तीनदा परसाकडे. लाजेने तुम्हाला सांगत नाय."

बंदरावर क्रेट उचलताना पोटात मुरडा येणं म्हणजे काय ते मी माझ्या खुर्चीत बसून कल्पनेनेच समजू शकते. चूक सरळ होती. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू लहानपणापासून दूध पितोस का. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत दूध म्हणजे चहापुरतं. गोठा नाही, पेल्याने दूध प्यायची सवय नाही. वयात आल्यावर दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) बहुसंख्य भारतीयांत कमी होतं. तशा माणसालाही एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे एक कप दूध, सहसा सोसतं. चारशे मिलीत वीस ग्रॅम लॅक्टोज जातं, वर म्हशीच्या दुधाचं पंचवीस-सव्वीस ग्रॅम तूप, आणि वर फुटाणे. मी वहीतला चहाचा कप पाहिला होता, पण त्याच्यापलीकडे विचार केला नव्हता. घाईत असलेल्या आहारतज्ज्ञाला आकडे जुळले की समाधान होतं.

इथे डब्याचा विषय परत निघाला, या वेळी माझ्याकडूनच. व्हेचे दोन प्रकार बाजारात दिसतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज थोडं उरतं, आयसोलेट जवळजवळ लॅक्टोजमुक्त असतं. आयसोलेटचा एक स्कूप पाण्यात ढवळला की पंचवीसेक ग्रॅम प्रथिन, पोटाला त्रास नाही, दोन मिनिटांचं काम. सोयीच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे मान्य करायला हवं. पण नावाजलेल्या कंपनीचा साधा व्हेच किलोला अडीच-तीन हजारांच्या घरात होता, म्हणजे स्कूपला ऐंशी-नव्वद रुपये. आयसोलेट त्याहून वर. त्याने बोटांवर हिशोब केला. "एका महिन्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त झालं. आणि जूनपासून तर बंदरच बंद."

चक्का

तोडगा निघाला तो दह्यातून. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खातात, आणि दही फडक्यात टांगलं की उरलेल्यातला बराचसा भाग पाण्याबरोबर निथळून जातो. दूध चांगलं उकळून लावलेल्या दह्यात व्हेचं प्रथिनही उष्णतेने केसीनला चिकटलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात फारसं वाया जात नाही. अर्धा लिटर गाईच्या दुधाच्या दह्याचा दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का पडतो, त्यात प्रथिन पंधरा ग्रॅम.

आईने पहिल्या दिवशी केलेलं पेय मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. मागल्या पडवीत खुंटीला रात्रभर टांगलेलं फडकं, खाली पातेलं. चक्का तपेल्यात घेतला, पेलाभर गार पाणी, चवीला मीठ, लिंबाएवढा गूळ, दोन मोठे चमचे फुटाण्याचं पीठ. पीठ थेट टाकल्यावर गुठळ्या झाल्या तेव्हा तिने ते सगळं बाजूला ठेवून आधी पीठ वाटीत पाण्यात कालवलं, मग ओतलं आणि रवी फिरवली. त्याच्या प्लॅस्टिकच्या शेकरमध्ये रोज गुठळ्या राहायच्या, रवीखाली एक राहिली नाही. वर जिरेपूड. मीही पेलाभर प्यायले. दाट मठ्ठा आणि पियूष यांच्या मधलं काहीतरी लागतं. प्रथिन वीस ग्रॅम, खर्च चाळीसच्या आत, पोट शांत.

क्रम असा ठरला: सराव संपला की मैदानावरच बाटलीतली पेज, घरी पोचून अंघोळ झाली की चक्क्याचं पेय, आणि दीड तासाने जेवण. जेवणातला भात मी कमी केला नाही. वजन वाढवायचं तर खर्चापेक्षा तीन-चारशे कॅलरी जास्त जायलाच हव्यात, आणि भाताएवढा स्वस्त मार्ग नाही. काळा डबा अर्ध्यावर तसाच पडून होता. मी टाकून द्या म्हटलं नाही. मॅचच्या दिवशी माल्टोडेक्स्ट्रिन कामाला येईल असं सांगून ठेवलं. पावसाच्या दमट हवेत त्याचा दगड झाला, आणि जुलैत मी गेले तेव्हा त्या डब्यात सुका जवळा भरलेला होता.

बंदी आणि श्रावण

१ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. या दोन महिन्यांत त्याचं काम गेलं, ताजा मासा ताटातून गेला, पैसे आटले. कागदावर हा सगळ्यात वाईट काळ असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचं वजन सगळ्यात सरळ याच काळात वाढलं. कारण साडेतीनचा गजर बंद झाला. तो साडेसात-आठ तास झोपायला लागला आणि रोजचं बर्फ उचलणं थांबलं. ताज्या माशाची जागा सुकटीने घेतली. सुक्या जवळ्यात पाणी नसल्यामुळे मूठभरातही प्रथिन भरपूर असतं, फक्त मीठही बरंच असतं, म्हणून त्या दिवसांत पेजेतलं मीठ मी काढायला लावलं. कुळथाची पिठी रोज झाली.

मग श्रावण लागला आणि आठवडाभरात बंदी उठली. बंदरात मासा आला आणि घरात बंद झाला. त्यांच्याकडे श्रावण कडक असतो, अंडंसुद्धा चालत नाही. एका दिवसात अठरा ग्रॅम अंड्यांचे आणि वीस ग्रॅम माशांचे गेले, आणि पहाटेचं काम पुन्हा सुरू झालं. हा महिना मला सगळ्यात अवघड गेला. चक्का दुप्पट करून बघितला, तो चौथ्या दिवशी कंटाळला. नाचणीची आंबील सुचवली ती आईने उडवून लावली नाही, पण मीच मागे घेतली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, प्रथिन मात्र शंभर ग्रॅमला सातच. शेवटी वाण्याकडच्या सोयाबीनच्या वड्या कामी आल्या. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत सव्वीस ग्रॅम प्रथिन, सात-आठ रुपयांत. आईने त्या काळ्या वाटाण्यासारख्या वाटपात, खोबरं-कांदा भाजून केल्या. "मटणासारख्या लागतात," तो म्हणाला, आणि आईने श्रावणात मटणाचं नाव काढल्याबद्दल त्याला झापलं.

नोंदी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे साधारण वीस आठवड्यांनी, वजन ६४.७ किलो. बेंबीपाशी कंबर अर्ध्या इंचाने वाढली, मांडी सव्वा इंचाने. खांद्यावर वजन घेऊन पाच बैठका तो एप्रिलमध्ये ६० किलोने मारत होता, आता ८२.५ किलोने. वाढलेलं सगळं स्नायूच आहे असं काट्यावरून सांगता येत नाही, काही चरबी, काही पाणी असणारच. आणि यातलं किती पेयाचं, किती सकाळच्या अंड्यांचं, किती झोपेचं, हे वेगळं काढायला माझ्याकडे साधन नाही. जिममधल्या सरांनी मे महिन्यात व्यायामाचा तक्ताही बदलला होता, दर आठवड्याला थोडं वजन वाढवायचा. मला विचाराल तर पहिलं श्रेय त्या तक्त्याला आणि झोपेला जातं. पाच किलो काही झाले नाहीत, दिवाळीपर्यंत होतील असंही वाटत नाही. त्याला मी हे सांगितलं. या वेळी चेहरा उतरला नाही.

चुलतभाऊ गणपतीला पुन्हा आला, आणि या वेळी येण्याआधी त्याने फोन करून विचारलं, कुठला डबा आणू. मुलाने मला विचारलं. मी म्हटलं, क्रिएटिन मोनोहायड्रेट (थोड्या वेळाच्या जोरकस मेहनतीत स्नायूला मदत करणारी पूड) आणायला सांग, साधं, चव-रंग नसलेलं, बॅच तपासल्याची खूण असलेलं. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, पेजेत टाकलं तरी चालतं. ज्या थोड्या पुड्यांच्या मागे भक्कम पुरावा आहे त्यातली ही एक, आणि शेकड्यात महिना निघतो. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का तेवढं बघून घे, असं सांगायला लावलं.

आता नोव्हेंबरचा प्रश्न समोर आहे. रात्रीच्या स्पर्धांत कधी एकाच दिवशी दोन-तीन सामने पडतात, मधे दोन तासही मिळत नाहीत. तिथे स्नायूंतला साखरेचा साठा लगेच भरावा लागतो, तासाला किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे याला साठ-पासष्ट ग्रॅम. चक्का त्या वेळी जड पडेल. दाट पेज, गूळ, मीठ आणि दोन केळी असा बेत आहे, आणि सरावात दोनदा करून बघितला. पहिल्यांदा पेज फार दाट झाली, चढाईच्या वेळी पोटात डुचमळली. दुसऱ्यांदा आईने ती गाळून दिली. येत्या रविवारी तिसऱ्यांदा बघणार आहोत.